फसवी सवलत

फसवी सवलत (अन्य नावे: खोटी सूट, आभासी सवलत) म्हणजे वस्तूची किंवा सेवेची किंमत प्रत्यक्षात कमी न करता, अथवा दाखवलेल्या प्रमाणापेक्षा फारच थोडी कमी करून, ती मोठ्या प्रमाणात उतरवल्याचा भास ग्राहकाच्या मनात निर्माण करणारी विक्रीपद्धती होय. दसरा-दिवाळी, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आणि नववर्ष यांच्या निमित्ताने होणाऱ्या सेलमध्ये तसेच पाश्चात्त्य देशांतील ब्लॅक फ्रायडेसारख्या हंगामी विक्रीत ही पद्धती विशेष आढळते. ती दुकानांत आणि ऑनलाइन बाजारपेठांत सारख्याच प्रमाणात संभवते.

प्रत्येक सवलत हा मुळात भूतकाळातील किमतीविषयीचा दावा असतो. 'पन्नास टक्के सूट' या शब्दांतून आजची किंमत कळत नाही. ती पूर्वी दुप्पट होती, एवढेच सांगितले जाते. त्यामुळे सवलत खरी की खोटी हे टक्केवारीवरून ठरत नसून, ती टक्केवारी ज्या किमतीच्या तुलनेत काढली ती किंमत खरी होती का, यावरून ठरते. या तुलनेच्या किमतीस संदर्भ किंमत म्हणतात. जाहिरातीत वा संकेतस्थळावर ती बहुधा आडवी रेघ मारून, खोडलेल्या स्वरूपात दाखवली जाते.

पार्श्वभूमी

घासाघीस करून सौदा ठरवण्याच्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकासाठी भाव वेगळा असे. दुकानात किमतीची चिठ्ठी लावून सर्वांना एकच भाव सांगण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील मोठ्या दुकानांनी रूढ केली. हंगामी सवलतीच्या विक्रीची सुरुवातही याच काळातली आहे. फिलाडेल्फियातील व्यापारी जॉन वॉनामेकर यांनी इ.स. १८७८ मध्ये जानेवारीच्या मंदीत चादरी-अभ्रे व तत्सम पांढऱ्या कापडाची स्वस्तात विक्री केली; तिचा उल्लेख या प्रकारच्या आरंभीच्या विक्रींमध्ये केला जातो. चिठ्ठीवर किंमत छापली जाऊ लागली, तशी ती खोडून खाली दुसरी लिहिण्याची सोयही झाली.

हंगामी सवलतीमागे खरी व्यापारी कारणे असू शकतात. हंगाम संपल्यावर उरलेले कपडे, नवे मॉडेल येण्यापूर्वी शिल्लक राहिलेली जुनी उपकरणे, मोजक्याच मापांत उरलेली पादत्राणे हा माल पडून राहण्यापेक्षा कमी नफ्यात विकणे विक्रेत्याच्या हिताचे असते. महाराष्ट्रातील मान्सून सेल आणि तमिळनाडूतील आडी महिन्याचा सेल हे लग्नसराई व सण यांच्यामधल्या मंदीच्या काळात गिऱ्हाईक टिकवण्यासाठी रूढ झाले. त्यामुळे प्रत्येक सेल फसवा असतो, असे म्हणता येत नाही. खऱ्या सवलतीवरील विश्वासाचाच फसव्या सवलतीत गैरफायदा घेतला जातो.

भारतात ऑनलाइन महाविक्रीचे पर्व सुरू झाल्यावर हा विषय सार्वजनिक चर्चेत आला. फ्लिपकार्ट या कंपनीने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी 'बिग बिलियन डे' नावाने मोठी विक्री केली. काही वस्तूंच्या किमती आधी वाढवल्या गेल्या, माल काही क्षणांत संपला, नोंदवलेल्या मागण्या रद्द झाल्या, असे आक्षेप त्या दिवशी ग्राहकांनी घेतले. दुसऱ्या दिवशी कंपनीचे संस्थापक सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना पत्र पाठवून माफी मागितली. ब्राझीलमध्ये ब्लॅक फ्रायडेला लोक उपहासाने 'ब्लॅक फ्रॉड' म्हणू लागले. 'सारे काही दुपटीच्या निम्म्या किमतीत' ही तेथील म्हण या फसवणुकीचे नेमके वर्णन करते.

प्रकार

कमाल किरकोळ किमतीच्या तुलनेतील सवलत

भारतात सर्वाधिक आढळणारा हा प्रकार आहे. आवेष्टित वस्तूवर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणे इ.स. १९९० पासून बंधनकारक आहे. वस्तू त्याहून अधिक भावाने विकता येत नाही, म्हणजेच छापील किंमत ही कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे. मात्र काही औषधांसारखे अपवाद सोडल्यास ती मर्यादा किती ठेवायची, हे उत्पादक वा आयातदारच ठरवतो. त्यामुळे जी वस्तू छापील किमतीला सहसा कोणीच विकत नाही, तिच्यावरही 'छापील किमतीवर सूट' असे खरे वाटणारे विधान वर्षभर करता येते.

उदाहरणार्थ, एखाद्या मिक्सरवर ६,००० रुपये छापले असून बाजारात तो एरवी ३,४०० रुपयांना मिळतो, असे समजू. सेलमध्ये तो ३,३०० रुपयांना ठेवल्यास '४५ टक्के सूट' अशी जाहिरात करता येते. टक्केवारीचे गणित अचूक असले, तरी नेहमीच्या भावाच्या तुलनेत बचत १०० रुपयांची, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी असते.

आधी वाढ, मग कपात

या प्रकारात विक्रीच्या काही दिवस वा आठवडे आधी किंमत वाढवली जाते आणि विक्रीच्या दिवशी ती वाढीव किंमत खोडून दाखवली जाते. नेहमी २,००० रुपयांना मिळणारी वस्तू पंधरा दिवस २,८०० रुपयांवर नेऊन नंतर '२५ टक्के सवलतीत' विकल्यास ग्राहकाला ती २,१०० रुपयांना पडते. सवलतीच्या नावाखाली त्याने नेहमीपेक्षा १०० रुपये अधिक मोजलेले असतात.

'पर्यंत' आणि तारांकित अटी

'८० टक्क्यांपर्यंत सूट' या जाहिरातीत 'पर्यंत' हा शब्द लहान अक्षरांत असतो. सर्वाधिक सूट मोजक्या, बहुधा कमी मागणीच्या वस्तूंवर देऊन उरलेल्या मालावर नाममात्र सूट ठेवली जाते. किमान खरेदीची रक्कम, ठरावीक बँकेचे कार्ड, सवलतीची कमाल मर्यादा या गोष्टी तारांकित अटींत दिलेल्या असतात. '१० टक्के सूट, कमाल ५०० रुपये' अशी अट असल्यास २०,००० रुपयांच्या खरेदीवर प्रत्यक्ष सूट अडीच टक्केच राहते.

भुलवणी जाहिरात

अतिशय कमी किमतीच्या वस्तूची जाहिरात करून ग्राहकाला दुकानात वा संकेतस्थळावर आणायचे, ती वस्तू संपली असे सांगायचे आणि महाग पर्याय पुढे करायचा, ही भुलवणी जाहिरातीची रीत होय. काही वेळा जाहिरातीतील वस्तूचे नग मुळातच नाममात्र असतात.

वस्तूतील बदल

किंमत कमी दिसावी म्हणून वेष्टनातील वजन घटवणे किंवा जवळजवळ त्याच नावाचे, पण कमी दर्जाचे सुटे भाग असलेले मॉडेल सेलसाठी आणणे हेही या पद्धतीत मोडते. ५०० ग्रॅमचा पुडा १५० रुपयांना मिळत असताना ४०० ग्रॅमचा पुडा '१० टक्के सवलतीत' १३५ रुपयांना दिल्यास शंभर ग्रॅमचा दर ३० रुपयांवरून ३३ रुपये ७५ पैशांवर जातो. मॉडेल क्रमांकातील एखाद्या अक्षराच्या फरकाने दुसऱ्या दुकानातील किमतीशी तुलना करणे अवघड होते.

जोडसवलत, कूपन आणि कॅशबॅक

'५० टक्के + २० टक्के' सूट म्हणजे ७० टक्के नव्हे. दुसरी सूट उरलेल्या निम्म्या किमतीवर मिळत असल्याने एकूण सूट ६० टक्के होते. 'दोनवर एक मोफत' या योजनेतील सूट ३३ टक्क्यांच्या आसपास असते. तिसऱ्या नगाची गरज नसल्यास ती शून्य मानावी लागते. २,००० रुपयांच्या खरेदीवर ५०० रुपयांचे कूपन मिळाले आणि ते २,५०० रुपयांच्या पुढील खरेदीवरच वापरता येत असेल, तर ग्राहक एकूण ४,५०० रुपयांच्या मालावर ५०० रुपये वाचवतो. जाहिरातीत २५ टक्के भासणारी सवलत अशा वेळी ११ टक्क्यांवर येते.

विनाव्याज हप्ते

'नो कॉस्ट ईएमआय' या योजनेत व्याज नाहीसे होत नाही. विक्रेता व्याजाइतकी सूट देऊन ते झाकतो. रोख रकमेत खरेदी करणाऱ्याला हीच सूट थेट मिळू शकत असेल, तर हप्त्याने घेणारा ती गमावतो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर ग्राहकाला सोसावा लागू शकतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे नमूद करून बँकांना अशा योजनांविषयी पारदर्शकतेचे निर्देश दिले.

दागिन्यांच्या घडणावळीवरील सूट

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशीला सराफी दुकानांच्या 'घडणावळीवर ५० टक्के सूट' अशा जाहिराती प्रसिद्ध होतात. ही सूट सोन्याच्या भावावर नसून फक्त मजुरीवर असते. सोन्याची किंमत १,००,००० रुपये आणि घडणावळ २० टक्के धरल्यास कर वगळून दागिना १,२०,००० रुपयांचा होतो. घडणावळीवर निम्मी सूट म्हणजे १०,००० रुपयांची, अर्थात एकूण किमतीच्या सुमारे ८.३ टक्के बचत. जो सराफ मुळातच १० टक्के घडणावळ घेतो, त्याच्याकडे तोच दागिना कोणत्याही सवलतीविना त्याच किमतीला मिळतो.

मानसशास्त्रीय आधार

आधी समोर आलेल्या आकड्याचा नंतरच्या अंदाजावर परिणाम होतो, हे मानसशास्त्रज्ञ आमोस ट्व्हर्स्की व डॅनियल कानेमान यांनी इ.स. १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. या प्रवृत्तीला अँकरिंग म्हणतात. त्यांच्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींसमोर आकड्यांचे चक्र फिरवून मग संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के आहे, असे विचारण्यात आले. चक्रावर १० हा आकडा पाहिलेल्यांचा मध्यक अंदाज २५ टक्के होता, तर ६५ हा आकडा पाहिलेल्यांचा ४५ टक्के. चक्राचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. खोडलेली किंमत हेच कार्य करते: ती खोटी असल्याची शंका मनात असली, तरी वस्तूचे मोल ठरवताना तीच पायाशी राहते.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी इ.स. १९८५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार ग्राहकाला खरेदीतून दोन प्रकारचे समाधान मिळते: एक वस्तूच्या उपयोगाचे आणि दुसरे सौदा चांगला झाल्याचे. दुसऱ्या समाधानापोटी गरज नसलेली वस्तूही घेतली जाते. उलटी गणना करणारे घड्याळ, 'फक्त दोन नग शिल्लक', 'इतके जण ही वस्तू पाहत आहेत' अशा सूचनांमुळे घाई निर्माण होते आणि तुलना करण्यास लागणारा वेळच काढून घेतला जातो.

या आकर्षणाचे बळ अमेरिकेतील जे. सी. पेनी या विक्रीसाखळीच्या अनुभवावरून दिसून आले. मुख्याधिकारी रॉन जॉन्सन यांनी इ.स. २०१२ मध्ये वारंवार होणारे सेल व कूपने बंद करून वर्षभर सरळ, कमी किमती ठेवण्याचे धोरण आणले. त्या वर्षी कंपनीची विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना पद सोडावे लागले. धोरण फसण्यामागे इतरही कारणे होती. तथापि प्रामाणिक किंमत ठेवणाऱ्या विक्रेत्याला फसव्या सवलतीच्या बाजारात तोटा सोसावा लागू शकतो, याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग व्यवस्थापनशास्त्रात अभ्यासला जातो.

ओळखण्याच्या पद्धती

संदर्भ किमतीची तपासणी

खोडलेली किंमत छापील कमाल किंमत आहे, विक्रेत्याची स्वतःची पूर्वीची किंमत आहे, की अन्य दुकानांतील किंमत आहे, हे पाहणे ही पहिली पायरी होय. ही माहिती दिलेलीच नसल्यास टक्केवारीला अर्थ उरत नाही. अशा वेळी तीच वस्तू, त्याच मॉडेल क्रमांकाची, त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी केवढ्याला मिळते, याची तुलना अधिक विश्वासार्ह ठरते.

किमतीचा इतिहास

महागड्या वस्तूंची खरेदी आधीपासून ठरलेली असल्यास सेलच्या चार ते सहा आठवडे आधी किंमत तारखेसह नोंदवून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्यासाठी वहीतील टिपण किंवा पडद्याचे छायाचित्र पुरते. काही संगणकीय सेवा ऑनलाइन वस्तूंच्या पूर्वीच्या किमतींचा आलेख दाखवतात. कीपा व बायहटके ही त्यांची उदाहरणे आहेत. आलेखात सेलच्या अगदी आधी किंमत वर चढून सेलच्या दिवशी खाली आलेली दिसल्यास सवलत संशयास्पद मानली जाते. अशा सेवा सर्व विक्रेते, कूपने व बँकेच्या सवलती टिपतातच असे नाही; म्हणून आलेख हा एकमेव पुरावा ठरत नाही.

अंतिम रक्कम आणि एकक दर

पोचवणी खर्च, हाताळणी शुल्क, बसवणी, वाढीव हमी आणि कर मिळवून खिशातून जाणारी एकूण रक्कम किती, याचीच तुलना उपयुक्त असते. जुनी वस्तू बदलून घेण्याच्या योजनेत जुन्या वस्तूला दिलेला भाव आणि नव्या वस्तूची विनिमयाविना किंमत वेगवेगळी पाहावी लागते, कारण एकीकडे दिलेली सूट दुसरीकडे वसूल होऊ शकते. किराणा मालाबाबत वेष्टनावरील एकक विक्री किंमत, म्हणजे प्रतिग्रॅम, प्रतिकिलो वा प्रतिलिटर दर, लहान-मोठ्या पुड्यांची तुलना सोपी करते.

घाईची परीक्षा

काउंटडाउन संपल्यावर पान पुन्हा उघडताच घड्याळ नव्याने सुरू होत असेल, किंवा 'शेवटचा दिवस' अनेक दिवस चालू राहत असेल, तर ती घाई कृत्रिम असते. वर्षातील बहुतेक दिवस सवलतीतच विकल्या जाणाऱ्या वस्तूची सवलतीची किंमत हीच तिची नेहमीची किंमत होय.

विक्रेत्याची ओळख

बाजारपेठेच्या संकेतस्थळावर एकच वस्तू अनेक विक्रेते विकतात. विक्रेत्याचे नाव, पत्ता, परतीच्या अटी, हमी कोण देणार आणि मूळ देश कोणता, हे तपासणे आवश्यक असते. नामांकित दुकानाच्या नावाशी साम्य असलेले बनावट संकेतस्थळ काढून पैसे उकळणे हा मात्र फसव्या सवलतीपेक्षा वेगळा, सायबर गुन्ह्याचा प्रकार आहे. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ मध्ये इ.स. १९८४ साली दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या तरतुदी समाविष्ट झाल्या. पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ आणि त्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांनी हा विषय ग्राहक मंचांच्या कक्षेत आणला. नवा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला.

या कायद्याच्या कलम २(४७) नुसार वस्तू वा सेवा सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते, त्या किमतीविषयी लोकांची दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सवलतीची किंमत जाहीर करूनही त्या किमतीला, वाजवी काळापर्यंत व वाजवी प्रमाणात, माल विकण्याचा हेतू नसणे हेही त्याच कलमात येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाबद्दल ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरातीतील किमतीला पुरेसा माल उपलब्ध असावा, माल मर्यादित असल्यास तसे स्पष्ट सांगावे आणि अटी मूळ दाव्याच्याच भाषेत असाव्यात, अशी अपेक्षा त्यांत आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन मंचांवरील डार्क पॅटर्न म्हणजे फसव्या रचनांना मनाई करणारी तत्त्वे आली. त्यांत तेरा प्रकारांची यादी असून खोटी निकड, टोपलीत न विचारता वस्तू टाकणे, टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणे आणि भुलवून वस्तू बदलणे यांचा समावेश आहे.

वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ वेष्टनावरील किंमत, वजन आदी माहितीचे नियमन करतात. छापील किंमत सर्व करांसहित असल्याने सवलतीनंतरच्या रकमेवर वेगळा कर लावण्याचा प्रश्नही वादाचा ठरला. एका प्रसिद्ध पादत्राणे-वस्त्र विक्रेत्याने सरसकट ४० टक्के सूट जाहीर करून सवलतीच्या किमतीवर वेगळा मूल्यवर्धित कर आकारला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये ही पद्धत अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय दिला.

असे असले, तरी सवलतीची संदर्भ किंमत किती दिवस प्रत्यक्ष लागू असावी, याचा दिवसांत मोजता येईल असा निकष भारतीय कायद्यात नाही. 'सामान्यतः विकली जाणारी किंमत' कोणती, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्याने सिद्ध करावे लागते. छापील कमाल किमतीच्या तुलनेत सूट दाखवण्याची पद्धत त्यामुळे सर्वत्र चालू राहिली आहे.

अन्य देशांतील नियम व खटले

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या किमतींविषयीची मार्गदर्शिका इ.स. १९५८ मध्ये तयार करून इ.स. १९६४ मध्ये सुधारली. पूर्वीची म्हणून दाखवलेली किंमत वाजवी काळापर्यंत, नियमितपणे व प्रामाणिकपणे देऊ केलेली असली पाहिजे, असे ती सांगते. उत्पादकाने छापलेल्या किमतीला वस्तू प्रत्यक्षात विकली जात नसल्यास तिच्याशी केलेली तुलनाही दिशाभूल ठरू शकते. कॅलिफोर्नियातील एका न्यायालयाने इ.स. २०१४ मध्ये ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्रेत्यास सुमारे ६८ लाख डॉलर दंड केला. या खटल्यातील पुराव्यात ९९९ डॉलर संदर्भ किंमत दाखवून ४४९ डॉलरना विकलेल्या अंगणातील फर्निचरचे उदाहरण होते. ग्राहकाच्या घरी ते पोचले तेव्हा त्यावर दुसऱ्या दुकानाची २४७ डॉलरची चिठ्ठी आढळली.

कॅनडात पुरवठादारांनी कळवलेल्या सूची किमती न पडताळता त्यांच्या तुलनेत बचत दाखवल्याच्या प्रकरणी ॲमेझॉनच्या कॅनडातील कंपनीने इ.स. २०१७ मध्ये स्पर्धा ब्युरोशी समझोता करून १० लाख कॅनडियन डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून सवलत जाहीर करताना मागील किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत 'पूर्वीची किंमत' म्हणून दाखवावी लागते. नाशवंत माल व बाजारात नुकत्याच आलेल्या वस्तूंबाबत सदस्य देशांना वेगळे नियम करता येतात. ही किंमत बारीक अक्षरांत देऊन टक्केवारी मात्र अन्य, वाढीव किमतीवरून काढण्याची पळवाट युरोपीय न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली. आल्डी सूड या विक्रीसाखळीच्या केळी व अननसांच्या जाहिरातीवरील या खटल्यात टक्केवारीही ३० दिवसांतील नीचांकी किमतीवरूनच काढली पाहिजे, असा निर्वाळा देण्यात आला.

ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये वूलवर्थ्स आणि कोल्स या दोन मोठ्या किराणा साखळ्यांविरुद्ध दावे दाखल केले. काही वस्तूंच्या किमती थोड्या काळासाठी वाढवून नंतर 'किंमत उतरली' अशा फलकाखाली मूळ भावाइतक्या वा त्याहून जास्त भावाने त्या विकल्या, असा आयोगाचा आरोप आहे. आयोगाने दिलेल्या एका उदाहरणात बिस्किटांचा पुडा दीर्घकाळ साडेतीन डॉलरना विकला जात होता. तो २२ दिवस पाच डॉलरवर नेऊन पुढे साडेचार डॉलरच्या 'उतरलेल्या' किमतीला ठेवण्यात आला.

तक्रार निवारण

भारतात फसव्या सवलतीविषयी प्रथम विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. तेथे दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ही यंत्रणा समेट घडवण्याचा प्रयत्न करते. तिचे म्हणणे विक्रेत्यावर बंधनकारक नसते. अनेक ग्राहकांवर परिणाम करणारी जाहिरात असल्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे, तर जाहिरातीच्या मजकुराबाबत भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करता येते. मुंबईस्थित ही परिषद इ.स. १९८५ मध्ये स्थापन झालेली जाहिरात व्यवसायाची स्वनियंत्रण संस्था आहे.

वैयक्तिक भरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. मोजलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे येतात आणि पाच लाख रुपयांपर्यंत शुल्क आकारले जात नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, त्यामुळे ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला विक्रेत्याच्या गावी जाण्याची गरज राहिलेली नाही. ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो. वकील आवश्यक नसतो. जाहिरात, अटी, खरेदीपूर्वीची किंमत व अंतिम बिल यांची तारीख दिसेल अशी छायाचित्रे हा अशा प्रकरणांतील महत्त्वाचा पुरावा असतो. संकेतस्थळावरील किंमत क्षणात बदलत असल्याने तो नंतर गोळा करणे बहुधा शक्य होत नाही.

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात इ.स. १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि इ.स. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. सभासद कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक दराने माल घ्यावा व आपसांत वाटून घ्यावा, ही मुंबई ग्राहक पंचायतीची वितरण पद्धती आहे. तीत भाव कमी होतो तो एकत्रित मागणीमुळे आणि मधले टप्पे वगळल्यामुळे. त्यासाठी खोडलेल्या किमतीची गरज पडत नाही.

परिणाम

फसव्या सवलतीचे थेट नुकसान ग्राहकाला होते: तो गरजेपेक्षा जास्त, वाजवीपेक्षा महाग आणि काही वेळा कर्ज काढून खरेदी करतो. सणाचा बोनस वा वर्षभराची शिल्लक घेऊन एकदाच मोठी खरेदी करणाऱ्या कुटुंबांना चुकीचा निर्णय नंतर सुधारण्याची संधी कमी असते. दुसरे नुकसान प्रामाणिक विक्रेत्याचे आहे. वर्षभर रास्त भावाने विकणाऱ्या दुकानदाराकडे फलकावर लावण्यासारखी मोठी टक्केवारी नसते, त्यामुळे त्याचा माल स्वस्त असूनही महाग वाटतो. आपले गिऱ्हाईक टिकवण्यासाठी त्यालाही किंमत फुगवून सूट दाखवण्याचा मोह होतो. अशा रीतीने ही प्रथा पसरत गेल्यास छापील किंमत ही ग्राहकाच्या संरक्षणासाठी घातलेली मर्यादा न राहता जाहिरातीचे साधन बनते.

हे सुद्धा पहा

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
कमाल किरकोळ किंमत
अनुचित व्यापारी प्रथा
ग्राहक पंचायत
ब्लॅक फ्रायडे